गणिताच्या बाई

सातारा
रविवार, दुपार

प्रिय शुभे,

तुझं पत्र मंगळवारीच आलं, उत्तराला आज बसले. "मुख्याध्यापिका वगैरे नको गं, संस्थेच्या राजकारणापेक्षा मी आपली फळ्यापाशी बरी," असं तू दोन पानांत तीनदा लिहिलंयस. तीनदा, म्हणजे स्वतःचीच समजूत घालतेयस. एवढं कळतं मला, चाळीस वर्षांची ओळख आहे.

उपदेश करत नाही. सध्या मला एका बाईंचा नाद लागलाय, त्यांच्याबद्दल सांगते. ग्रेस अलेले-विल्यम्स. नायजेरियाच्या. आपल्यासारख्याच, गणिताच्या बाई.

जन्म 1932चा, वॉरीचा. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं हे बंदराचं गाव. पुढची शाळा लागोसला, क्वीन्स कॉलेजात (नाव कॉलेज, पण आहे मुलींचं हायस्कूल). मग इबादानचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तेव्हा तिथे पदवी लंडन विद्यापीठाची मिळायची. 1954 पासून तीन वर्षं एडे गावात मुलींना गणित शिकवलं, मग अमेरिकेला गेल्या. व्हरमाँटला मास्टर्स, 1963 मध्ये शिकागोला डॉक्टरेट. नायजेरियन बाईला मिळालेली ती पहिली डॉक्टरेट.

मला वाटलं, प्रबंध एखाद्या प्रमेयावर असेल. निघाला शिक्षणावर! देश 1960च्या ऑक्टोबरात स्वतंत्र झालेला, आणि नव्या देशात शिक्षणाने काय करायचं हा त्यांचा प्रश्न. आपल्या कॉलेजातले ते सर आठवतात ना? एम.एस्सी. झेपत नाही त्या पोरी बी.एड.ला जातात, असं हसत हसत म्हणायचे. मीही कितीतरी वर्षं मनातून तसंच मानत होते. या बाईंना शिकागोची पदवी हातात असताना शिकवणं हाच विषय मोठा वाटला, हे वाचून मला जरा लाजल्यासारखं झालं.

पुढचं तर तुझ्या-माझ्या ओळखीचंच आहे. शाळेत आपण महिरपी कंसात आंबा, पेरू, चिकू लिहून 'फळांचा संच' करायचो ना? आणि तुझे आजोबा विचारायचे, "यात गणित कुठाय?" ते नव्या गणिताचं वारं आफ्रिकेतही शिरलं होतं. रशियाचा स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेने गणिताची पुस्तकं बदलायला घेतली, त्याच लाटेत 1962 पासून युगांडातल्या एंटेबेला कार्यशाळा भरू लागल्या. आफ्रिकेतल्या, अमेरिकेतल्या नि ब्रिटनमधल्या शिक्षकांनी मिळून शाळांसाठी पुस्तकं लिहिली. ग्रेसबाई बारा वर्षं या कार्यक्रमात होत्या. शिक्षकांसाठी त्यांनी नव्या गणिताची एक हस्तपुस्तिकाही लिहिली, ती 1974 मध्ये निघाली. आणि 1977 मध्ये लष्करी सरकारने शाळांतून हे नवं गणितच काढून टाकलं! पोरांना साधी आकडेमोड येईना, ही तक्रार. तुझे आजोबा तिथे असते तर त्यांनी पेढे वाटले असते. मला विचारशील तर तक्रारीत तथ्य होतं. पुस्तकं बदलली, पण ती शिकवणाऱ्यांना तयार करायला कुणी पुरेसा वेळ दिला नाही.

आणि बाईंचं मला सगळ्यात आवडलेलं काम नेमकं शिक्षकांचंच आहे. 1965 पासून त्या लागोस विद्यापीठात होत्या, 1976 मध्ये गणित-शिक्षणाच्या प्राध्यापक झाल्या. तिथल्या शिक्षण संस्थेच्या प्रमुख असताना त्यांनी पदवी नसलेल्यांसाठी प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम सुरू केले. प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, वय उलटून गेलेल्या बायका त्यामुळे विद्यापीठाच्या वर्गात येऊन बसू शकल्या. मला तुझी आईच दिसली. फायनल पास होऊन मास्तरीण झालेली, आणि ट्रेनिंगला गेली तेव्हा पदरात तू. एका मांडीवर तू, दुसऱ्या मांडीवर पाठ टाचणाची वही, हे मावशींच्याच तोंडून ऐकलंय. ग्रेसबाईंचं नाव निघालं की लोक 'पहिली महिला' म्हणतात, या प्रमाणपत्रवाल्या बायकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. राजकारण.

बाईंनी निवडणूक कधी लढवली नाही. यजमान राज्यशास्त्राचे, पाच मुलं, त्यामुळे घरात राजकारण असलंच तर पुस्तकातलं. पण 1985 मध्ये त्या नायजेरियातल्याच बेनिन सिटीच्या बेनिन विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. देशातल्या पहिल्या महिला कुलगुरू. त्याच वर्षी एका जनरलने दुसऱ्याला हटवून सत्ता घेतली होती. पुढच्या वर्षी सरकारने आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आणला, तिथलं चलन, नायरा, घसरलं, महागाईने लोक मेटाकुटीला आले. 1989च्या मे महिन्यात त्याविरुद्ध दंगे पेटले, ते बेनिन सिटीतही. पोरं रस्त्यावर, विद्यापीठं बंद. कुलगुरूंनी वर्ग भरवायचे कसे, सांग.

त्यात गुप्त टोळ्या. याची एक गंमत आहे, कडू. बाई इबादानला शिकत होत्या त्याच काळात, 1952 मध्ये, तिथल्या सात विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं होतं. त्यात वोले सोयिंका होते, पुढे साहित्याचं नोबेल मिळालेले. वसाहतीचा तोरा मोडायचा, असा त्यांचा पोरसवदा डाव. पुढे त्याच धर्तीवर मंडळांमागून मंडळं निघाली, आणि बाई बेनिनला आल्या तोवर त्यांतल्या काहींच्या शपथा, रात्रीच्या बैठका नि मारामाऱ्यांनी विद्यापीठांचं आवार धास्तावलेलं. बाईंनी त्यांच्याशी वैर घेतलं. टोळ्या काही कायमच्या संपल्या नाहीत, नायजेरियात आजही आहेत. पण बाई 1991 पर्यंत, पुरी सहा वर्षं, त्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या कारकिर्दीतच, 1989 मध्ये, लागोस राज्य विद्यापीठाला जाडेसोला अकांदे या दुसऱ्या महिला कुलगुरू मिळाल्या. आफ्रिकी गणित संघाच्या महिला आयोगाचं अध्यक्षपदही ग्रेसबाईंनी सांभाळलं. 2022च्या मार्चमध्ये त्या गेल्या, एकोणनव्वदाव्या वर्षी.

तुझ्या संस्थेत काय, दोन गट, एक रुसलेला क्लार्क, आणि वेतनेतर अनुदानाची अडकलेली फाइल. त्याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हण बापडी. पण एक विचार कर. पाचवीच्या भागाकारासाठी तू गेली चार वर्षं जादा तासिका मागतेयस, आणि वेळापत्रकावर सही दुसऱ्याच कुणाची असते.

संस्थेला कधीपर्यंत कळवायचंय ते लिही. दिवाळीच्या सुट्टीत मी येतेच आहे. कंदी पेढे आणते, निमित्त काय ते तू ठरव. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही सांग, इथे तो वैद्य अजून देतो.

तुझी,
मंदा