कारखान्याचं यार्ड उन्हाळ्यात मोकळंच असतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ट्रकला चालक मिळत नाहीत, अशी गाडीमालकांची तक्रार आपल्या अंकात वाचली. तक्रार खरी आहे. पण चालक व्हायला निघालेला गडी नेमका कुठं अडतो, हे मालकांना ठाऊक नसावं. मला ठाऊक आहे, कारण हेवीच्या, म्हणजे जड वाहनाच्या लायसनच्या टेस्टला मी ओळीनं तीनदा नापास झालोय.

अकरा वर्षं मी छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो चालवला. पहाटे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात भाजी भरायची आणि उजाडायच्या आत लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थला पोचवायची. शिवाजी पेठेतल्या बोळात खिडकीतून मान बाहेर काढून एका दमात गाडी मागं घेणारा, अशी माझी ख्याती. त्यामुळं ट्रकची टेस्ट म्हणजे चहा पिऊन यायचं काम, असं वाटलं होतं.

पहिल्या वेळी ट्रॅकवर गाडी सुरू केली आणि लगेच गिअर टाकला. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरून काटा वर येईपर्यंत थांबावं लागतं, हे शिकवताना सांगितलं होतं. पण घाईत डोक्यातून गेलं. चाकं जाम, गाडी दोन हिसके देऊन बंद. दुसऱ्या वेळी वळणावर डावं मागचं चाक रेषेच्या आत चढलं. छोट्या हत्तीचं मागचं चाक पुढच्याच्या जवळजवळ मागोमाग येतं. लांब गाडीचं तसं नाही, ते आत कापत येतं. म्हणून पुढं जास्त जाऊन उशिरा वळावं लागतं, आणि अकरा वर्षांची सवय नेमकी उलटी. तिसऱ्या वेळी रिव्हर्स. सवयीनं मान खिडकीबाहेर गेली, उजवी बाजू झकास दिसली आणि डावीकडचे दोन बांबू आडवे झाले.

चहाच्या गाड्यावर मग रोजचा विषय झाला. "काय सायबा, आज किती विकेट काढल्या?" त्याच महिन्यात लेकीची दहावी होती. घरात परीक्षार्थी दोघं आणि पेपर चांगला गेला म्हणणारी ती एकटीच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नापासांसाठी नियम आहे. सात दिवसांनी परत टेस्ट देता येते, पण तीनदा नापास झालं की शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबायचं. २०१९ च्या दुरुस्तीत त्यावर ट्रेनिंग स्कूलमध्ये उजळणीचा कोर्स करायची तरतूदही घातली. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण लर्निंग लायसन सहा महिन्यांचं, त्यातले पहिले तीस दिवस टेस्ट देता येत नाही, आणि हे साठ दिवस वर. भिंतीवरच्या कालनिर्णयवर बायको दिवस मोजायची, मी मोजायचं टाळायचो.

मित्र म्हणाले, साडेसात टनांपर्यंतची गाडी तुझ्या साध्या लायसनवर चालतीय, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलंय, मग कशाला झक मारतोस? म्हणणं बरोबर होतं. पण छोट्या हत्तीत जे सुटतं त्यातून हप्ता आणि किराणा, बाकी शून्य. एकानं तर कानात विचारलं, "सेटिंग लावू का?" मी दर विचारला. खोटं कशाला सांगू?

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मामांबरोबर खताची पोती घेऊन वैभववाडीला गेलो, नुसता शेजारी बसून. मामांचं उभं आयुष्य स्टेअरिंगवर गेलंय. गगनबावडा सोडल्यावर करूळ घाट सुरू व्हायच्या आधीच त्यांनी गिअर खाली टाकला आणि पुढं ब्रेकला पाय जेमतेम लावला. मधेच एक ट्रक आम्हाला मागं टाकून सुसाट गेला. दोन वळणांनंतर ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनभर आला. तो ट्रक कडेला उभा होता, चाकातून धूर. मामा म्हणाले, "ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर. ब्रेकवर उतरणारा एक दिवस दरीत उतरतो." सेटिंगवाल्याचा फोन मी परत उचलला नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, त्या वासानं पोटात गोळा आला होता.

खरी अडचण पुढंच होती. सराव करायचा कुठं? शिकताना एका गाडीत आम्ही सहाजण, माझ्या वाट्याला रोजची दहा-पंधरा मिनिटं. त्यातही रिव्हर्स एकदाच. मामांची गाडी होती, डिझेल मी घालणार होतो, पण हमरस्त्यावर रिव्हर्स शिकायची सोय नसते. शेवटी मामांच्या ओळखीनं एका साखर कारखान्याचं यार्ड मिळालं. हंगामात तिथं ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रात्रंदिवस रांग. एप्रिल-मेमध्ये वॉचमन आणि दोन कुत्री.

तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून बांबू रोवले. मामांनी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या बाजूची काच वर चढवली. "ही खाली करायची नाही. मान बाहेर गेलीच नाही पाहिजे." मेचं ऊन आणि काच बंद. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय म्हणे, पण मामांची गाडी तिच्या कितीतरी आधीची. घाम पुसत नुसत्या दोन आरशांवर गाडी मागं घ्यायची. डाव्या आरशात मागचं चाक आणि बांबू एकत्र दिसल्याशिवाय स्टेअरिंग हलवायचं नाही. पहिल्या रविवारी एकही डबा उभा राहिला नाही, वॉचमन खुर्ची घेऊन लांब जाऊन बसला. सहाव्या रविवारी एकच पडला. तोही, मामांच्या मते, कुत्र्यानं पाडला.

चौथ्या वेळी पास झालो. साहेबांनी एकच विचारलं, "काच का बंद? उकडत नाही का?"

मालकांना माझं सांगणं एवढंच आहे की, तयार चालकाची वाट बघत बसू नका. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला रविवारी सकाळी एक रिकामी जुनी गाडी द्या. शेजारी लायसन असलेला जाणता चालक बसवा, पुढं-मागं 'एल'ची पाटी लावा. निवृत्त चालक प्रत्येक पेठेत आहेत. जिल्ह्यातल्या कारखान्यांनीही हंगाम संपल्यावर यार्डाचा एक कोपरा द्यावा. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की ऊस टाकायच्या गव्हाणीसमोरची ती जागा पुढच्या हंगामाच्या मोळीपूजनापर्यंत नुसती तापत पडलेली असते.

दर दुसऱ्या रविवारी मी कोल्हापुरात असतो, मामा तर रोजच मोकळे. डबे आणि बांबू अजून माझ्या अंगणात आहेत.

आपला,
एक ट्रकचालक,
कसबा बावडा, कोल्हापूर