एका पातेल्यातले गहू

वॉर्सा,
27 डिसेंबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, त्या रात्री फोनवर ‘खीर जमली’ एवढंच सांगून ठेवला. मागे सगळे पानांवर बसले होते आणि मला बोलवेना. बाकीचं आज सविस्तर लिहिते.

सुरुवात दिवाळीपासून करायला हवी. करंज्यांना इथल्या दोन पोलिश मैत्रिणी मदतीला आल्या होत्या. पहिली करंजी भरून मी कडा दाबल्या आणि कातण शोधायला उठले. परत येते तर एकीने तिच्या करंजीला मुरड घातलेली! अगदी तुझ्यासारखी. अंगठ्याने कड जराशी उचलायची, आत दुमडायची, पुढची चुणी तिच्यावर अर्धी चढवायची. माझी मुरड आजही निम्म्यात सुटते. ‘पिएरोगीला आम्ही अशीच घालतो, आजीने शिकवलंय,’ ती म्हणाली. पिएरोगी म्हणजे कोबी आणि मशरूमचं सारण भरून उकळत्या पाण्यात शिजवलेल्या करंज्याच समज.

मग तिच्या आजीचा विषय निघाला. ती जाऊन पाच वर्षं झाली. इथे 24 डिसेंबरच्या रात्रीला विगिलिया म्हणतात. पहिली चांदणी दिसल्याशिवाय कोणी जेवत नाही. मटण नाही, मासे चालतात, आणि पदार्थ बारा लागतात. त्यातली ‘कुत्या’ आजीच्या हातची असायची. अख्खे गहू शिजवून त्यात वाटलेली खसखस, मध, मनुका, अक्रोड. आजी गेल्यापासून त्या घरात कुत्या झाली नव्हती. आई करायला घेते आणि तिला रडू येतं, असं मैत्रीण सांगत होती. गहू आणि खसखस ऐकल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, ही तर आमची खपलीची खीर!’

आपल्या आजीचं उखळ डोळ्यांसमोर आलं. रात्री पाण्याचा हात लावून ठेवलेले गहू, सकाळी हलक्या हाताने कांडणं, सुपात पाखडताना अंगणभर उडणारा कोंडा. दुपारी गुळाचा वास बोळाच्या तोंडापर्यंत यायचा.

त्यांचं घर बियालिस्तोकला आहे, इथून रेल्वेने दोन-सव्वादोन तास. गूळ, सुंठ, वेलची आणि खोबऱ्याचा कीस मी इथल्या भारतीय दुकानातून नेला. गहू तिकडेच मिळाले. डिसेंबरमध्ये कुत्यासाठी म्हणून सडलेले गहू पाकिटात विकायला असतात, त्यामुळे कांडायचं काम वाचलं. 23 तारखेला रात्री ते भिजत घातले. मैत्रिणीची आई दारात उभी राहून बघत होती, बोलली काहीच नाही. सकाळी मी गहू चुलीवर चढवले. कुकर नव्हता, तीन तास लागले. मध्येच ती आली, दोन दाणे दातांखाली धरून पाहिले आणि मान हलवली, अजून नाही. तुझ्यासारखंच. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा दाणा चावला, आणि या वेळी काही न बोलता कपाटातून खिम्याचं जुनं लोखंडी यंत्र काढून ओट्याला घट्ट बसवलं. भिजवलेली खसखस त्यातून तीनदा फिरवली. इकडची खसखस काळीनिळी असते, आई. वाटल्यावर काजळासारखी दिसते आणि वास मात्र आपल्या पांढरीचाच. मग माझ्या पातेल्यातले निम्मे गहू तिने दुसऱ्या भांड्यात काढून घेतले. एका शेगडीवर माझी खीर रटरटत होती, बाजूला ती मध घालून कुत्या कालवत होती. डोळे पुसत होती, पण हात थांबला नाही.

टेबलावर पांढऱ्या चादरीखाली मूठभर वाळलेलं गवत पसरतात. एक पान रिकामं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. जेवणाआधी ओप्वातेक, म्हणजे कागदासारखी पातळ पापडी, प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातली मोडून खायची आणि त्याचं भलं चिंतायचं. बीटाचं आंबट सार, कार्प मासा, पिएरोगी, सगळं झालं. शेवटी मोजले तर पदार्थ तेरा भरले. तिच्या बाबांनी खीर आणि कुत्या मिळून एकच धरला.

मग मैत्रिणीच्या आजीची गोष्ट निघाली. फेब्रुवारी 1940 मध्ये रशियनांनी तिच्या घरच्यांना घरातून उचलून सायबेरियात नेलं. ती तेव्हा आठ वर्षांची. तिथल्या विगिलियाला गहू कुठले, होता तो पाव सगळ्यांनी ओप्वातेकसारखा मोडून खाल्ला. ती 1946 मध्ये परतली. पण तशाच नेलेल्या लोकांतले काही इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले, 1943 ते 1948. मी कोल्हापूरची म्हटल्यावर तिच्या बाबांनी ‘वळिवडे’ हे नाव स्वतःहून घेतलं. इथे वॉर्सातही दुसऱ्या महायुद्धातल्या माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ त्या छावणीची स्मृती जपणारा फलक आहे. मी तिथे दोनदा जाऊन आले. आपल्या गावाचं नाव इतक्या लांब वाचताना मला फार बरं वाटलं.

बाबा, तुम्ही रोज महावीर उद्यानात फिरायला जाता. तिथल्या पोलिश लोकांच्या स्तंभाचा एक स्वच्छ उजेडातला फोटो काढून पाठवा. मी तो मैत्रिणीच्या आईला देणार आहे, तिने मागितलाय.

आणि आई, रुकडीच्या आत्याआजीकडे लवकर जाऊन ये. छावणीतल्या गोऱ्या बायका बाजारात यायच्या, असं ती सांगते. तिला नीट विचार, त्या काय काय विकत घ्यायच्या? गहू घ्यायच्या का, खसखस घ्यायच्या का? तिच्या शब्दांत सगळं लिहून घे. जाताना खीर करून ने, आणि या वेळी हाताचा अंदाज न सांगता गहू किती, गूळ किती, वाटीने मोजून मला कळव. मैत्रिणीची आई तिच्या वहीत माझी खीर आणि आजीची कुत्या शेजारी शेजारी लिहिणार आहे. पान तिने रिकामं ठेवलंय.

तुमची,
ताई