रात्रीच्या जेवणात मासे असू द्या

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा तू फोनवर म्हणालीस की डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात मासे आणणंच बंद केलंय. रात्री दोघांना काय लागतंय, चहा-बटर नाहीतर ताक-भात. ते ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मी पुन्हा वाचला. मीठ कमी, तेल कमी, तळलेलं नको. मासे बंद असं त्यात कुठंच नाही. आपल्याकडे मासे म्हटलं की रवा लावून तळलेल्या तुकड्या आणि वर खोबऱ्याचा दाट रस्सा, हेच डोळ्यांसमोर येतं. म्हणून तळण थांबलं तसे मासेही थांबले. बाबा, तुमचं वजन उतरलंय, जिना चढताना कठड्याला धरता. या वयात अंगातलं मांस झडत जातं आणि ते टिकवायला प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम माशात ती साधारण १८ ते २० ग्रॅम असतात. बांगडा, तारली यांतलं तेल तर हृदयाला चांगलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, फक्त न तळलेले. मग बुधवार आणि रविवार धरा. तुमचे सोमवार, गुरुवार, शनिवार तसेच पाळा.

आई, तुला मी स्वयंपाक काय शिकवणार! पण मी इथं कामावरून आल्यावर जसं करते तसं सांगते. अर्ध्या तासात होतं. चार-पाच ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजव. त्यात दोन मोठे चमचे ओलं खोबरं, चमचाभर धणे आणि हळद घालून बारीक वाट. ब्याडगीला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, त्यामुळे वरून कांदा-लसूण चटणी घालायची गरज राहत नाही. त्या चटणीत मीठही असतं आणि तेलही, हे आपल्या लक्षात येत नाही. वाटण पाणी घालून उकळत ठेव. पाच-सहा तिरफळं ठेचून, आतलं काळं बी काढून टाक आणि साल तेवढी घाल. तीन-चार आमसुलं घाल, पण आधी धुऊन घे, कारण बऱ्याच आमसुलांना मीठ लावलेलं असतं. आंबट बरोबर पडलं की मीठ कमी असलेलं जिभेला कळत नाही. बाबांच्या जेवणात हीच खरी युक्ती आहे. दिवसभराचं मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे लहान चमचाभर. त्यात भाकरीतलं, आमटीतलं, लोणच्यातलं सगळं आलं. म्हणून माशाबरोबर पापड-लोणचं नको.

रस्सा खळखळला की बांगड्याचे तुकडे सोड आणि आच कमी कर. सहा-सात मिनिटं पुरेत. पळी घालू नकोस, भांडंच दोन्ही हातांनी धरून हलकं फिरव. मांस काट्यापासून सुटायला लागलं की उतरव आणि दहा मिनिटं झाकून ठेव, आंबट आत मुरतं. फोडणी नाही की तेल नाही. बांगड्याचं स्वतःचं तेल वर तरंगतं, तेवढं पुरतं. तव्यावरचेच हवे असतील तर लोखंडी तव्याला चमचाभर तेल पुसून वर झाकण ठेव.

आता विकत घेताना. आपल्या खानापूरला गोव्याहून घाट चढून मासे येतात, तोवर बर्फ किती राहिला ते बघा. डोळे चकचकीत हवेत, कल्ले लाल हवेत, बोटानं दाबलेली जागा परत वर यायला हवी. बांगड्याच्या बाबतीत तर काहीच चालवून घेऊ नका. तो उष्णतेत पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. म्हणून बाजारात मासे सगळ्यात शेवटी घ्या आणि घरी आल्या आल्या साफ करून फ्रीजमध्ये टाका. दिवसभर लाईट नव्हती असं झालं, तर त्यातला बांगडा खाऊ नका. पैसे गेले तरी चालतील.

बाबा, तुमच्या डोळ्यांना रात्री बारीक काटा दिसत नाही याची मला काळजी वाटते. रोहू किंवा कटला आणलात तर शेपटीकडचा तुकडा आईला द्या आणि पोटाकडचा तुम्ही घ्या. तिथले काटे मोठे असतात, हाताला लागतात. मरळ मिळाला तर सोडू नका, त्यात बारीक काटे फारसे नसतातच. आणि टीव्ही बघत मासे खाऊ नका, एवढं ऐका.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै कर्नाटक आणि गोवा दोन्हीकडे यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा सुकट आणि खाऱ्या बांगड्यावर भागवायची आपली सवय आहे, पण त्यातलं मीठ बाबांना आता परवडणारं नाही. भिजवून ठेवलं तरी सगळं उतरत नाही. त्यापेक्षा तळ्यातले, धरणातले ताजे मासे घ्या. हळदीची पानं परसात असतीलच. तुकड्याला आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण आणि लिंबू लावून पानात गुंडाळ आणि मोदकासारखं वाफव. श्रावण लागला की आपोआप थांबेलच.

आमसुलाचं कालवण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नकोस, आंबटानं ते झिजतं. आपण खानापूरचे, कुंभारकामाच्या गावचे, मडक्याला काय कमी! एक पसरट मडकं आण, रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, मग एकदा त्यात तांदळाची पेज उकळ आणि ओतून दे. त्यानंतर वापरायला घे.

तिरफळं इथल्या मंडईतून घेऊन ठेवलीत, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. बुधवारी रात्री आठनंतर फोन करीन, तेव्हा काय शिजवलंत ते सांगा.

तुमची लेक