मीटर पळतो म्हणण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही महिने विजेच्या मीटरविषयी बरीच पत्रे येत आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा सूर ‘नवा मीटर पळतो’ असा आहे. ही तक्रार काही ठिकाणी खरीही असेल. परंतु आपल्या घरात वीज नेमकी कुठे खर्च होते, हे आपल्याला स्वतःला ठाऊक असल्याशिवाय ती सिद्ध करता येत नाही. वीजबिल म्हणजे किराणा दुकानदाराने यादी न देता नुसती बेरीज हातात ठेवण्यासारखे आहे. ती यादी मिळवण्यासाठी घरात स्वतःचा मीटर बसवता येतो आणि मी तो दोन वर्षांपूर्वी बसवला. त्यात आधी झालेली चूक आणि नंतर सापडलेली गोष्ट, दोन्ही इतरांच्या उपयोगी पडतील असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

काहीही विकत घेण्यापूर्वी एक फुकटची चाचणी करून पाहावी. कंपनीच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि जवळच ३२०० किंवा १६०० यांसारखा एक आकडा छापलेला असतो. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट होते. मीटर ३२००चा असेल, तर दोन लुकलुकण्यांमधील सेकंदांनी ११२५ला भागावे. जो आकडा येईल, तितके वॅट त्या क्षणी घरात चालू आहेत असे समजावे. आम्ही रात्री फ्रिजचा प्लग काढला, सगळे दिवे-पंखे बंद केले आणि घड्याळ घेऊन जिन्यात उभे राहिलो, तेव्हा दिवा दर २५ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे सारे घर ‘बंद’ असताना ४५ वॅट चालू होते. सेट टॉप बॉक्स, राउटर आणि बॅटरी भरलेली असूनही वीज घेत राहणारा इन्व्हर्टर, हे तिघे मिळून महिन्याला सुमारे ३२ युनिट खात होते.

एवढ्याने कुतूहल वाढले आणि मी घाईने एक स्वस्त यंत्र आणले. त्याला चिमट्यासारखे उघडणारे सेन्सर असते, ते वायरीभोवती अडकवायचे आणि मोबाइलवर आकडे पाहायचे. पहिल्या दिवशी मी तो चिमटा फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन्ही वायरी एकत्र घेऊन लावला. जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करीत असल्याने यंत्राने शून्य दाखवले, आणि त्या संध्याकाळपुरते आमचे घर फुकट चालले! चिमटा एकट्या फेजवर घेतल्यावर आकडे दिसू लागले खरे, पण महिनाअखेरीस त्या यंत्राचे युनिट कंपनीच्या रीडिंगपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त निघाले. त्यावर विश्वास ठेवला असता, तर कंपनीचा मीटर मंद चालतो अशी तक्रार मला करावी लागली असती.

कारण पुढे उमगले. असली यंत्रे फक्त अँपिअर मोजतात, व्होल्टेज २४० आहे असे गृहीत धरतात आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, तर विचारातच घेत नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २०५पर्यंत उतरते. शिवाय जुना फ्रिज, पंखे आणि पाण्याचा पंप ही मोटारीची उपकरणे जितका प्रवाह ओढतात, तितकी सगळी वीज खर्च करीत नाहीत. गीझर किंवा इस्त्रीपुरता हा हिशेब ठीक जमतो, मोटारीच्या उपकरणांना लागू पडत नाही. म्हणून मीटर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की तो व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही मोजतो का. त्याला फेजबरोबर न्यूट्रलही जोडावी लागत असेल, तर तो बहुधा दोन्ही मोजतो. दुसरे म्हणजे त्यावर आयएस १३७७९ हे मानक आणि अचूकतेचा वर्ग १ छापलेला असावा. वर्ग १ याचा ढोबळ अर्थ एक टक्क्याची मुभा असा असल्याने, दोन प्रामाणिक मीटरांतही २५० युनिटांमागे चार-पाच युनिटांचा फरक पडू शकतो. तेवढ्यावरून भांडू नये. तिसरी गोष्ट क्षमतेची. मीटरवर ५-३० किंवा १०-६० अँपिअर असे लिहिलेले असते आणि त्यातला दुसरा आकडा ही कमाल मर्यादा असते. २००० वॅटचा गीझर, दीड हजाराचा एसी आणि साडेसातशेची इस्त्री एकाच वेळी चालली, तर साधारण साडेअठरा अँपिअर होतात, त्यामुळे सामान्य घराला ५-३० पुरतो. एखाद्याच उपकरणाचा खर्च पाहायचा असेल, तर या सगळ्याच्या फंदात न पडता प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर आणावा.

जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. कंपनीच्या मीटरच्या आणि त्यावरील सीलच्या वाटेला जाऊ नये. सीलशी छेडछाड हा वीज कायदा, २००३ नुसार गुन्हा आहे. आपला मीटर त्याच्या पुढे, आपल्या मेन स्विचच्या बाजूला बसतो. आमच्या वायरमनने तारांच्या टोकांना लग (धातूच्या टोप्या) लावून स्क्रू आवळले आणि तासभर गीझर चालवून ते पुन्हा तपासले. ढिला स्क्रू तापतो आणि मीटरचे टर्मिनल जळते, हे त्याने सांगितल्यावर मला त्याच्या मजुरीचा आकडा टोचेनासा झाला.

खरी गंमत यानंतरची. नवा सबमीटर, म्हणजे कंपनीच्या मीटरपुढे बसवलेला आमचा मीटर, पहिल्याच महिन्यात कंपनीच्या मीटरपेक्षा १६ युनिट कमी दाखवू लागला. याच सुमारास बसवलेला आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून कारणाशिवाय पडत असे. आमची इमारत जुनी आहे. वायरमनने दोन दिवस खटपट केल्यावर असे आढळले की वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या पंपाची न्यूट्रल कधीकाळी कोणीतरी आमच्या बोर्डात जोडून ठेवली होती. त्यांचा पंप सुरू झाला की त्यांचा परतीचा प्रवाह आमच्या न्यूट्रलमधून जात होता. कंपनीचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतील प्रवाह पाहतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतात. आमचा साधा सबमीटर केवळ फेजवर मोजत होता. म्हणजे पंपाच्या त्याच विजेचे पैसे वरचे बिऱ्हाडही भरत होते आणि आम्हीही! कंपनीच्या मीटरवर ‘ईएल’ या अक्षरांशेजारचा एक बारीक दिवा पंपाच्या वेळी पेटत असे. तो आम्ही कित्येक महिने पाहत होतो, पण फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाह सारखे नाहीत, हा त्याचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. न्यूट्रल वेगळी केल्यावर दिवा विझला, आरसीसीबी पडायचा थांबला आणि दोन्ही रीडिंग युनिट-दोन युनिटांच्या फरकाने जुळू लागली. अशा प्रसंगी मीटर बदलून मागितला असता, तर नवा मीटरही तेच दाखवीत राहिला असता.

जाता जाता बिलाच्या टप्प्यांविषयी. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत. तीनशेच्या पुढे एक युनिट गेले की सगळे बिल चढ्या दराने लागते, असा समज मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. प्रत्यक्षात चढा दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो. तरीही बंद घरातले ते ३२ युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतात, हे ध्यानात घेतले तर इन्व्हर्टर आणि सेट टॉप बॉक्सकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत वीज कंपन्यांना माझी एकच विनंती आहे. बिलाच्या मागील बाजूस सूचनांची दाटी असते. त्यातच मीटरच्या तोंडावरील प्रत्येक दिव्याचा आणि अक्षरांचा अर्थ मराठीत चार ओळींत छापावा, आणि रीडिंग घेण्यास येणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘ईएल’ दिवा पेटलेला पाहिला, तर त्याची नोंद ग्राहकाला द्यावी. आमच्याकडे तो कर्मचारी दर महिन्याला येऊन मीटरचा फोटो काढून जात होता. तो पंपाच्या वेळेला आला असेल, तर त्या फोटोतही हा दिवा पेटलेला दिसला असेल.

आपला वाचक,
सातारा