वॅट नंतर मोजा, आधी अर्थिंग बघा

महोदय,

मुलांना सुट्टीत कुठल्या क्लासला घालावं यावर सध्या बरंच छापून येतं. क्लासची फी सगळे सांगतात, वाद्य घरात आल्यावर पुढे काय काय निघतं ते कोणी सांगत नाही. मी १९७७ पासून चाळीस वर्षं नौपाड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. नववीतल्या नातीने गेल्या दिवाळीत इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि माझा टेस्टर पुन्हा माळ्यावरून खाली आला.

ही गिटार नुसती वाजवली तर डासाएवढा आवाज. अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, हवाच. आधी काटकसर म्हणून घरच्या म्युझिक सिस्टिमला जोडली, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. कारण ठाऊक होतं. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या चुंबकाभोवती, केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला पुढचं इनपुट दहा लाख ओहमच्या घरातल्या रोधाचं लागतं. म्युझिक सिस्टिमचं असतं हजारांतलं, त्यात वरचे सूर बुडतात. ब्लूटूथ स्पीकर तर त्याहून वाईट. तार आत्ता छेडली, आवाज मागाहून. ताल धरणार कसा?

मग दुकान. क्लासच्या सरांनी ‘किमान चाळीस वॅट’ सांगितलेलं. दुकानदार म्हणाला, “काका, वीस हजारांपर्यंत जा, पुढे स्टेजवर उपयोगी पडेल.” नातीला अजून चार कॉर्ड धड धरता येत नाहीत आणि हा स्टेज दाखवतोय! त्याच्या पोऱ्याने गेन (आवाज फाटवणारं बटण) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारं) भरपूर उघडून असं काही वाजवलं की पोरगी हरखली. तसं वाजवलं तर कुठलाही डबा गोड लागतो. मी म्हटलं, दोन्ही बटणं शून्यावर आण, हिची गिटार लाव आणि हिलाच वाजवू दे. मोठ्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम एकवर नेईपर्यंत काही नाही, आणि तिथून केसभर सरकवला की काचा हादरल्या. दहा बाय बाराच्या खोलीत तो सदैव त्या केसभर जागेतच वापरायचा.

वॅटचा हिशोब सरळ नसतो. वॅट दहापट केले तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे शंभर वॅट हे दहाच्या दुप्पट, दहापट नव्हे. उलट एका वॅटवरही साधा स्पीकर मीटरभर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींची मर्यादा त्याहून कमी आहे. आम्ही दहा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा घेतला, सात हजारांच्या आत. हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद होतो, हे दुकानातच तपासलं. त्या एका भोकावर आमच्या घरातली शांतता टिकून आहे.

(व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प अजून मिळतात, आणि महाग मिळतात. ‘व्हॉक्स एसी-३०’ या नामांकित अ‍ॅम्पमध्ये ईएल-८४ जातीचे व्हॉल्व्ह असतात. तेच व्हॉल्व्ह मी उमेदवारीत लोकांच्या रेडिओतून काढून भंगारात टाकलेत. असो.)

खरी गोष्ट घरी आल्यावर. अ‍ॅम्प सुरू केला की भुंगा. तारांना हात लावला की थांबे, सोडला की पुन्हा. थोडी गुणगुण हा या गिटारचा स्वभावच, पण ही फार होती. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, फ्रिज बंद केला, तरी तेच. शेवटी केबल घुसते तिथल्या नटाला टेस्टर टेकवला, तर दिवा मंद पेटला. गिटारच्या तारा त्याच धातूला जोडलेल्या असतात, म्हणजे ती गळती पोरीच्या बोटांपर्यंत येत होती. अ‍ॅम्पची पिन तीन टोकांची, पण दुकानदाराने ‘जुन्या बिल्डिंगमध्ये लागतो’ म्हणून दोन पिनांचा कन्व्हर्टर फुकट दिला होता, आणि सुनेने तोच लावलेला. तो काढून फेकला. तरी भुंगा होताच. सॉकेट उघडलं, तर वरच्या जाड, अर्थिंगच्या भोकामागे वायरच नाही! शोभेचं भोक.

वायरमनने मीटर रूममधल्या अर्थिंगपासून वायर ओढून दिली, मजुरीसह अठराशे रुपये. भुंगा गेला, टेस्टरही विझला. ज्यांची मुलं हे वाद्य शिकताहेत त्यांनी दुकानाआधी वायरमनला गाठावं, आणि तिसरी पिन कापून काम भागवू नये. माझ्यासारख्या चाळीस वर्षं दुसऱ्यांचे सेट दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच्या घराचं सॉकेट कधी उघडून पाहिलं नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते.

नंतर टेस्टर घेऊन मजल्यावरच्या इतर बिऱ्हाडांत फिरलो. चारांपैकी तीन घरांत तेच. त्यातल्या दोघांचं वॉशिंग मशिन त्याच सॉकेटवर. सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी विषय दिला आहे. सेक्रेटरी म्हणाले, “आधी गिटारचा आवाज कमी करा, मग बघू.”

– एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, नौपाडा, ठाणे