वर हवा आणि पाणी कुठून येतं

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, सुनीता विल्यम्स आठवडाभरासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेल्या आणि 286 दिवस राहिल्या, मग एवढे दिवस हवा-पाणी पुरलं कसं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहितेय.

ऑक्सिजन बराचसा तिथेच तयार करतात, तोही पाण्यापासून. सौरपट्ट्यांवरची वीज पाण्यात सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. माणशी दिवसाला साधारण 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड झिओलाइट नावाच्या खनिजाचे खडे शोषून घेतात. तो हायड्रोजनबरोबर तापवून पुन्हा पाणी मिळवणारं यंत्रही 2010 मध्ये वर नेलं. मला मात्र सर्वांत थरारक वाटतात ते तिथले पंखे. वजनच नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही; पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचत जाईल. म्हणून तिथे रात्रंदिवस घरघर चालू असते.

पाणी खालून नेतात, पण ते महागात पडतं. म्हणून घाम आणि श्वासातली वाफ हवेतून गोळा करतात. लघवीसुद्धा. आई, नाक मुरडू नकोस! हवेचा दाब कमी ठेवलेल्या, गरगर फिरणाऱ्या पिंपात ती उकळतात. पिंप फिरलं नाही तर द्रव आणि वाफ वेगळे होणारच नाहीत. मग ते पाणी गाळण्यांतून काढतात, उरलेली घाण तापवून नष्ट करतात आणि शेवटी त्यात थोडं आयोडीन घालतात. हे पाणी 2009 पासून पितात, आणि 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. नळाच्या पाण्यापेक्षा ते स्वच्छ असतं, असं तिथले शास्त्रज्ञ सांगतात, आणि एवढी सगळी प्रक्रिया वाचल्यावर मला ते पटतं.

मे 2024 मध्ये लघवीचं पाणी करणाऱ्या या यंत्राचा एक पंप बिघडला होता. नवा पंप सुनीताताईंच्याच यानातून पाठवला, आणि त्याला जागा व्हावी म्हणून त्यांच्या आणि त्यांच्यासोबतचे अंतराळवीर बुच विल्मोर यांच्या कपड्यांच्या बॅगा पृथ्वीवरच ठेवाव्या लागल्या. स्थानकावर अडीअडचणीसाठी ठेवलेल्या कपड्यांवर त्यांनी भागवलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

आणि आई, आता तुझ्यासाठी. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात आणि त्यांतलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. सुरुवातीला त्याचे क्षार साचून ते पिंपच बंद पडलं होतं! हाडं झिजू नयेत म्हणून तिथे रोज दोनेक तास व्यायाम करतात. तुझ्या कॅल्शियमच्या गोळ्या संपत आल्या असतील तर कळव, येताना घेऊन येईन. संध्याकाळचं फिरणंही बाबांना सोबत घेऊन चालू ठेव.

तुमची लेक