ज्यू गूढविचार म्हणजे नुसती आकडेमोड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कब्बाला या ज्यू गूढपरंपरेवर आलेला लेख वाचला. अक्षरांच्या बेरजा, मनगटाचा लाल दोरा आणि दहा वर्तुळांची आकृती, एवढ्यावरच तो संपला याचं वाईट वाटलं. मध्ययुगातल्या ज्यू पंडितांनी प्रतीकांवर शतकानुशतकं वाद घातला. मराठीत त्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं, म्हणून हे पत्र.

वादाचं मूळ धर्मग्रंथातच आहे. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, देवाला हात आहेत, डोळे आहेत, तो रागावतोही. मग देव निराकार कसा? स्पेनमधल्या कॉर्दोबात ११३८ च्या सुमारास जन्मलेल्या आणि पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाने याच प्रश्नावर, सुमारे ११९० मध्ये, 'संभ्रमितांचा मार्गदर्शक' हा ग्रंथ अरबीत लिहून पुरा केला. (त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी भारताकडे निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्या धक्क्याने मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळला होता.)

ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो बायबलमधल्या एका वचनाचा आधार घेतो: चांदीच्या जाळीतलं सोन्याचं सफरचंद. जाळीची भोकं इतकी बारीक, की लांबून पाहणाऱ्याला सगळी चांदीच वाटते. जवळ जाऊन निरखणाऱ्याला आतलं सोनं दिसतं. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तो वरच्या आवरणालाही चांदीच म्हणतो. कथेचा सरळ अर्थ समाजाच्या उपयोगाचा, आतला अर्थ सत्याकडे नेणारा. त्यामुळे एकही अर्थ टाकाऊ ठरत नाही.

पण याच पद्धतीने त्याने यज्ञबळींचा अर्थ लावला आणि वाद पेटला. लोकांना बळी देण्याची सवय होती, ती एकदम तुटणार नव्हती, म्हणून देवाने ती स्वतःकडे वळवली, असं त्याचं म्हणणं. स्पेनमधल्याच जिरोनाच्या नाखमानिडीस या धर्मपंडिताने ते कडक शब्दांत खोडून काढलं. आज्ञा म्हणजे माणसाच्या दुबळेपणाशी केलेली तडजोड, हे त्याला मान्य होणं शक्यच नव्हतं. १३०५ मध्ये तर बार्सिलोनाच्या धर्मपंडितांनी पंचविशीच्या आतल्या तरुणांना ग्रीक तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचायला बंदी घातली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्टील प्रांतात पुढे आलेला 'झोहार' कब्बालाचा मुख्य ग्रंथ. तोच म्हणतो, की तोरातल्या कथा हे वस्त्र, आज्ञा हे शरीर आणि त्याच्या आत आत्मा. वस्त्रापाशीच थांबणारा मूर्ख. इथवर तो मायमोनिडीसच्या जवळचा वाटतो. फरक पुढे आहे. देव ज्या दहा शक्तींतून प्रकट होतो त्यांना सफिरोत म्हणतात; आकृतीतली दहा वर्तुळं ती हीच. त्यातली शेवटची, शेखिना, म्हणजे जगातलं देवाचं सान्निध्य, हिला तो चंद्र म्हणतो, कारण तिला स्वतःचा प्रकाश नाही; समुद्र म्हणतो, कारण वरचे सगळे प्रवाह तिच्यात येऊन मिळतात; राणीही म्हणतो. यातलं एकही प्रतीक बाजूला सारून 'खरा अर्थ' वेगळा काढता येत नाही. दहांच्याही पलीकडे एन सोफ, म्हणजे अनंत. त्याच्याविषयी काहीच बोलता येत नाही, आणि देव काय नाही एवढंच सांगता येतं असं मायमोनिडीसचंही मत होतं.

लेखात छापलेली वर्तुळांची आकृती या सगळ्या वादातून आलेली आहे. तिच्याखाली 'गुप्त संकेत' एवढीच ओळ देणं हा वाचकावर अन्याय आहे. आपण या विषयावर दुसरा लेख जरूर द्यावा आणि त्यात किमान 'झोहार'मधला एखादा उतारा मराठीत छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे